बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा : जुन्या एमजीबीचं चार्जिंग

 

आजचा विषय जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे आणि खिशाचाही. गाडी दोन दिवस उभी राहिली की स्टार्टर नुसता 'टक' करतो. मग शेजाऱ्यांना हाका मारून धक्का. मग नवी बॅटरी. महिनाभर बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं का होतं आणि दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसं शोधायचं, ते आज पाहू.

उदाहरणाला घेऊया एमजीबी. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही दोन आसनी स्पोर्ट्स कार. तिची वायरिंग साधी, सरळ आहे, त्यामुळे शिकायला उत्तम. तुमच्याकडे दुसरी कुठली जुनी गाडी असली, तरी तपासण्याची पद्धत हीच.

टाकी, पंप आणि पाइप

घरातल्या पाण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणा. गच्चीवरची टाकी म्हणजे बॅटरी. पाणी चढवणारा पंप म्हणजे अल्टरनेटर. टाकी भरली की पाणी थांबवणारा फ्लोट व्हॉल्व्ह म्हणजे रेग्युलेटर. आणि पाइप म्हणजे वायरी, त्यांचे जोड आणि अर्थिंग. टाकी रोज रिकामी होत असेल तर आपण नवी टाकी विकत आणतो का? नाही. आधी पंप चालतोय का, पाइप तुंबलाय का, कुठे गळतंय का, ते बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र आपण थेट टाकी बदलतो!

या गाडीची विजेची बहुतेक उपकरणं लूकस कंपनीची. जुन्या इंग्लिश गाड्यांचे शौकीन लूकसला गमतीने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. पण पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत बऱ्याचदा दोषी असतो तो गंजलेला जोड. अल्टरनेटर बिचारा उगाच बदनाम होतो.

पहिली तपासणी : बॅटरी

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर डीसी व्होल्ट मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी असेल तर आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. अर्धमेल्या बॅटरीवर केलेल्या पुढच्या तपासण्या फसव्या निघतात.

एमजीबीची एक खासियत लक्षात ठेवा. सुरुवातीच्या गाड्यांत आसनांच्या मागे, फळीखाली, ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक ६.३ आणि दुसरी ५.८ दाखवत असेल, तर दुसरीच रुसलेली आहे. या दोघींना जोडणारी केबलही तपासा. ती नजरेआड असते, म्हणून गंजत राहते.

दुसरी तपासणी : लाल दिव्याची भाषा

डॅशबोर्डवरचा लाल दिवा केवळ इशारा देत नाही. अल्टरनेटर असलेल्या गाडीत त्याच दिव्यातून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरला जागं करतो. म्हणून चावी फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, तो लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा आतले कार्बन ब्रश झिजलेत. एवढ्याशा बल्बपायी अख्खा अल्टरनेटर झोपून राहू शकतो.

हे वेगळं कसं करायचं? इंजिन बंद ठेवून अल्टरनेटरच्या मागचा प्लग काढा. चावी फिरवा आणि प्लगमधली तपकिरी-पिवळी वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष अल्टरनेटरच्या आत. नाही लागला तर बल्ब आणि वायर शोधा. मात्र जाड तपकिरी वायर कुठेही टेकू देऊ नका. ती थेट बॅटरीची आहे आणि तिला फ्यूज नाही.

इंजिन चालू असताना दिवा मंद मिणमिणत असेल, तर एखादा डायोड गेलाय किंवा जोडात वीज अडतेय. आणि दिवा पूर्ण पेटून राहिला तर सगळ्यात आधी पट्टा बघा.

तिसरी तपासणी : इंजिन चालू असताना

इंजिन साधारण २००० आरपीएमवर ठेवा आणि बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ म्हणजे तब्येत उत्तम. १२.५ च्या आसपासच अडकलं तर चार्जिंग होतच नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय. अशा वेळी बॅटरीतलं पाणी उकळतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि निघणारा वायू ठिणगीने पेट घेऊ शकतो. एमजीबीत बॅटऱ्या तुमच्या पाठीमागेच आहेत, तेव्हा ही गोष्ट उद्यावर टाकू नका.

चौथी तपासणी : पाइप कुठे तुंबलाय?

बहुतेक जण हीच तपासणी गाळतात, आणि बहुतेक वेळा उत्तर इथेच असतं. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले. मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मुख्य धन टोकावर, काळी पिन बॅटरीच्या धन टोकावर. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवतायत. ०.२-०.३ पर्यंत चालेल. ०.८ दिसलं तर वाटेतला जोड खराब आहे. ही जाड तपकिरी वायर आधी स्टार्टरच्या सोलेनॉइडवर जाते आणि तिथून बॅटरीकडे. सोलेनॉइडवरचा नट आणि अल्टरनेटरच्या प्लगमधल्या सैल, तापून काळपट झालेल्या पिना हे नेहमीचे संशयित.

आता अर्थच्या बाजूने मोजा : एक पिन अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. इथेही तेवढीच मर्यादा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिनपासून बॉडीपर्यंत अर्थची जाड पट्टी लागते. ती तुटली की स्टार्टरचा करंट चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. चोकची केबल गरम लागली तर हे आठवा.

उपाय स्वस्त आहे. अर्थची केबल आधी सोडा. टोकांवरची पांढरी पावडर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. जोड सॅण्डपेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. अर्थची केबल शेवटी लावा.

पाचवी तपासणी : रात्रीची गळती

चार्जिंग ठीक, तरी सकाळी बॅटरी उतरलेली? सगळं बंद करा, अर्थची केबल सोडा आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा. ५० मिलीअँपिअरपर्यंत ठीक. ३०० दिसले तर दोन दिवसांत चौदाहून जास्त अँपिअर-तास गेले म्हणून समजा. आता अल्टरनेटरचा प्लग काढा. आकडा शून्याजवळ आला तर डायोड गळतोय. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

डायनामोवाल्यांसाठी

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता, आणि अर्थ धन टोकाला होता. अशा गाडीत वर ऋण म्हटलंय तिथे अर्थचं टोक समजा. बॅटरी लावण्यापूर्वी हे नक्की करा. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी उलटी लागली तर डायोड क्षणात जळतात.

हा डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही इंजिनाला वेग असताना. आयडलवर जवळजवळ काहीच नाही. ५५ वॅटचे दोन हेडलाइटच नऊ अँपिअर खातात. म्हणजे संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात तर बॅटरी उतरणारच. आयडलवर लाल दिवा लुकलुकणंही स्वाभाविक आहे. हा बिघाड म्हणायचा नाही, त्या यंत्राची तेवढीच ताकद आहे.

दोन गोष्टी कधीच करू नका

एक, 'बघू अल्टरनेटर चालतोय का' म्हणून चालू इंजिनात बॅटरीची केबल काढू नका. हा प्रयोग काही जुन्याजाणत्या गॅरेजमध्येही होतो. डायनामोच्या काळात तो खपून जायचा, पण अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर त्यात जातात.

दोन, लाल दिवा लागल्यावर 'बॅटरी आहे ना, घर गाठू' असं म्हणून दामटू नका. एमजीबीत तोच एक पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला तर चार्जिंगबरोबर इंजिनाचं थंड होणंही थांबतं. घाटात असाल तर काही मिनिटांत इंजिन कायमचं दुखावेल. दिवा लागला की ताबडतोब तापमानाचा काटा बघा, बाजूला थांबा, बॉनेट उघडा. पट्टा शाबूत असेल आणि दिवसाची वेळ असेल, तर अनावश्यक सगळं बंद करून बरंच अंतर कापता येतं. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर मधोमध १२-१३ मिलीमीटर दबला पाहिजे. एक जादा पट्टा आणि पाने डिकीत ठेवा.

मंडळी, एका वहीत चार आकडे लिहून ठेवा : उभ्या गाडीचे व्होल्ट, चालू गाडीचे व्होल्ट, धन बाजूची घट आणि अर्थची घट. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना 'बॅटरी टिकत नाही' असं सांगितलंत तर तो बॅटरी दाखवेल. 'अल्टरनेटरवर १४.२ आहेत, बॅटरीवर १३.१ पोहोचतायत' असं सांगितलंत, तर तो पान्याला हात घालेल. पहिल्या वाक्यात काही हजार जातात, दुसऱ्यात बहुधा एक सॅण्डपेपर.

तुमच्या गाडीचे आकडे मोजा आणि जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!