विश्लेषण : ‘आज तक’चे एसपी सिंह कोण होते? चांभाराच्या तिवईची बातमी का गाजली?

‘ये थीं खबरें आज तक, इंतजार कीजिए कल तक.’ नव्वदच्या दशकात दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर रात्री हे वाक्य म्हणणारे दाढीवाले गृहस्थ म्हणजे सुरेंद्र प्रताप सिंह, अर्थात ‘एसपी’.

छापील पत्रकारितेतून टीव्हीकडे

जन्म १९४८ चा, उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातला. बालपण कोलकात्याजवळ गेले. पत्रकारितेचे धडे मात्र त्यांनी मुंबईत, धर्मवीर भारतींच्या ‘धर्मयुग’मध्ये गिरवले. १९७७ मध्ये कोलकात्याहून निघणाऱ्या ‘रविवार’ साप्ताहिकाचे ते संपादक झाले, तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. पुढे ‘नवभारत टाइम्स’. म्हणजे जुलै १९९५ मध्ये ‘आज तक’ सुरू झाले, तेव्हा कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस मुळात संपादक होता, फक्त वृत्तनिवेदक नव्हे. सरकारी बातम्यांतील जड हिंदीऐवजी बोलीतली हिंदी त्यांनी आणली. बातमीपत्र जेमतेम वीस मिनिटांचे. त्यामुळे काय दाखवायचे यापेक्षा काय गाळायचे, हे ठरवणे अधिक अवघड असे.

गणपती दूध पितो तेव्हा…

२१ सप्टेंबर १९९५. मूर्ती दूध पीत असल्याची वार्ता देशभर पसरली, मुंबईतही मंदिरांबाहेर रांगा लागल्या. ‘आज तक’ने त्या दिवशी काय केले? चांभाराच्या चपला ठोकायच्या लोखंडी तिवईजवळ दूध नेले. तीही दूध ‘प्यायली’! पृष्ठताणामुळे द्रव पृष्ठभागाकडे ओढला जातो आणि ओघळून जातो, हे शास्त्रज्ञ सांगतच होते. पण त्या तिवईने ते घराघरांत पोहोचवले. भाविकांची टिंगल करणे सोपे होते. ते न करता प्रयोगच दाखवला, हे यातले मोठेपण. आज व्हॉट्सअॅपवरच्या दाव्यांची पडताळणी करणारे वेगळे विभाग असतात. तेव्हा ते काम रात्रीच्या बातमीतच झाले.

अखेरचे दिवस

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला आग लागून ५९ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेचे बातमीपत्र एसपींनीच सादर केले. त्यानंतर काही दिवसांतच मेंदूतील रक्तस्रावाने ते कोसळले आणि २७ जूनला, वयाच्या ४८ व्या वर्षी गेले. पडद्यावर ते पुरती दोन वर्षेही नव्हते. ‘आज तक’ २४ तासांची वाहिनी झाली ती डिसेंबर २००० मध्ये.