रेडिओलॉजीला नंबर लागतोय? शहराचं नाव बघण्याआधी हे प्रश्न विचारा

गावातल्या पोराचं किंवा पोरीचं एमबीबीएस झालं, नीट पीजीत चांगला रँक आला, की घरात पहिला प्रश्न निघतो, 'मुंबई का पुणे?' एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय बघून आजार ओळखायची शाखा म्हणजे रेडिओलॉजी. सध्या सर्वात जास्त मागणी असलेल्या शाखांपैकी ही एक. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला मोजकेच दिवस मिळतात. त्या घाईत शहराच्या नावावर निर्णय होतो आणि पुढची तीन वर्षं तिथंच काढावी लागतात.

प्रवेश कसा होतो?

सरकारी कॉलेजातल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून एमसीसी भरते. उरलेल्या निम्म्या राज्याच्या कोट्यातल्या, त्या महाराष्ट्रात सीईटी सेल भरतो. अभिमत विद्यापीठांच्या जागाही एमसीसीकडेच असतात. एमडी तीन वर्षांचं. एमबीबीएसनंतरचं डीएनबीही तीन वर्षांचंच. ते अनेक खासगी रुग्णालयांतही करता येतं.

हात किती चालतो, ते बघा

सीटी आणि एमआरआयचे फोटो इंटरनेटवरून पाठवून दुसऱ्या शहरातला डॉक्टर वाचू शकतो. सोनोग्राफीचं तसं नाही. पोटावर प्रोब फिरवणाऱ्याला तिथल्या तिथं दिसावं लागतं. तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता गरोदर बाईला रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टरला शेजारी विचारायला सर नसतात. म्हणून कॉलेज निवडताना तिथल्या रेसिडेंटना हे विचारा:

• पहिल्या वर्षापासून सोनोग्राफी स्वतः करायला मिळते का, की नुसतं मागे उभं राहायचं?
• रात्रीच्या ड्युटीत सीटीचा पहिला रिपोर्ट कोण लिहितं? सकाळी सर तो तपासून चूक दाखवतात का?
• एमआरआय कॉलेजचा स्वतःचा आहे, की खासगी कंपनीकडे चालवायला दिलाय? तसं असेल तर रेसिडेंटला तिथं शिकायला मिळतं का?
• सुईनं गाठीचा तुकडा काढणं, पू काढणं अशी कामं कुठल्या वर्षी हातात येतात?
• मशीन बंद पडलं तर किती दिवसांत सुरू होतं?

उत्तरं तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन जणांकडून घ्या. एकाच्याच शब्दावर जाऊ नका.

शहरानं काय फरक पडतो?

शहराप्रमाणे येणारे रुग्ण बदलतात. मुंबईत केईएम, सायन, नायर ही महापालिकेची आणि जेजे हे राज्य सरकारचं रुग्णालय. तिथं गर्दी प्रचंड, त्यामुळं आजारही नाना तऱ्हेचे बघायला मिळतात. टाटा मेमोरियलला कर्करोगाचं शिक्षण उत्तम, पण ते कर्करोगाचंच रुग्णालय. अपघात आणि गरोदर बायांची सोनोग्राफी कुठं शिकायला मिळते, ते तिथं जरूर विचारा.

पुण्याचं ससून रेल्वे स्टेशनला लागूनच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत मराठवाड्यातले रुग्ण येतात. नागपूरच्या मेडिकलला विदर्भाबरोबर मध्य प्रदेश, छत्तीसगडचेही लोक येतात. पुढं आपल्याच भागात काम करायचं असेल तर आपल्याच भागातले रुग्ण बघून शिकणं हा काही कमीपणा नाही.

मुंबईत खोलीभाडं जबर, म्हणून हॉस्टेल मिळतं का आणि ते रुग्णालयापासून किती लांब आहे ते आधी विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार पीजी विद्यार्थ्यांची राहायची सोय करणं कॉलेजवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात खोली कशी आहे, मुलींना रात्री ड्युटीवरून परतायला रस्ता सुरक्षित आहे का, हे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. घरचं कुणी आजारी पडलं तर गाव किती तासांवर आहे, हाही हिशेब धरा.

पैसा आणि बाँड

खासगी कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून रेडिओलॉजी घेतली तर तीन वर्षांचा खर्च कोटीच्या घरात जाऊ शकतो. शेत विकायचा विचार करण्याआधी शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजला किती फी मंजूर केलीय ते बघा. वसतिगृह, मेस, अनामत रक्कम वेगळी धरा. विद्यावेतन दर महिन्याला खात्यात येतं का, तेही रेसिडेंटनाच विचारा.

सरकारी कॉलेजात फी कमी, पण एमडीनंतर एक वर्ष बंधपत्रित सेवा असते. मधेच जागा सोडली तर मोठा दंड बसतो. त्याच्या अटी माहितीपुस्तिकेत असतात, पसंतीक्रम लॉक करण्याआधी त्या वाचून काढा. शिवाय प्रत्येक पीजी विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं. रेडिओलॉजीवाल्यांनी ते टाळायचं काम समजू नये, कारण मोजक्या साधनांत निदान करायची सवय तिथंच लागते.

एजंटपासून सावध

निकाल लागला की 'सीट पक्की करून देतो' असे फोन सुरू होतात. जागा फक्त रँक आणि पसंतीक्रमावर, एमसीसी आणि सीईटी सेलच्या फेऱ्यांतूनच मिळते. आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पसंतीक्रम मुलानं किंवा मुलीनं स्वतः भरावा, लॉक केल्यावर त्याची प्रत काढून ठेवावी आणि पासवर्ड कुणालाही सांगू नये.