परभणीहून ऑर्डर मुंबईला कशी जाते: डे ट्रेडिंगमधल्या वाटा

व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच एका तरुणाने मला गाठलं. म्हणाला, "सर, माझी ऑर्डर नेहमी उशिरा पोचते. इंटरनेट बदलू का ब्रोकर बदलू?" आजचा विषय हाच आहे.

आधी वाट समजून घेऊ. तुम्ही मोबाइलवर बटण दाबलं की ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरवर जाते. तिथे खात्यात पैसे आहेत का, मर्यादा ओलांडली का, हे तपासलं जातं आणि मग ती एक्सचेंजकडे जाते. आपल्या मोंढ्यात जसा माल अडत्यामार्फतच बोलीवर येतो, तसंच. अमेरिकेतले व्हिडिओ बघून पुष्कळांना वाटतं की ऑर्डर कुठल्या इलेक्ट्रॉनिक नेटवर्कने पाठवायची हे आपणही ठरवू शकतो. आपल्याकडे तसं नाही. ब्रोकरच्या यंत्रणेतून थेट ऑर्डर टाकायची मुभा सेबीने २००८ मध्ये दिली, ती मोठ्या संस्थांना. २०१० मध्ये 'स्मार्ट ऑर्डर राउटिंग'ला परवानगी मिळाली; त्यात दोन्ही बाजारांत कुठे भाव बरा आहे हे ब्रोकरचं सॉफ्टवेअर बघतं. तुमच्या हातात उरतं ते एवढंच: एनएसई की बीएसई, आणि ऑर्डरचा प्रकार.

आता वेगाचं बघू. परभणी ते मुंबई साधारण पाचशे किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचं, तेही दोन-तीन भाग. १९९४ मध्ये एनएसई सुरू झालं तेव्हा ब्रोकरच्या गच्चीवर उपग्रहाची छत्री असायची. सिग्नल छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तेवढाच खाली, एका दिशेलाच पाव सेकंद! तरी लोक खुश होते, कारण मुंबईबाहेर बसून सौदा करता येत होता. आज तुमचा उशीर होतो तो मोबाइलच्या टॉवरवर आणि ब्रोकरच्या सर्व्हरवर. मोठ्या कंपन्यांचे संगणक तर एक्सचेंजच्या आवारातच ठेवलेले असतात. त्यांच्याशी शर्यत लावून उपयोग नाही, मग तुम्ही परभणीत बसा नाहीतर दादरला.

पैसा जातो तो दुसरीकडे. समजा, एका शेअरचे विकणारे असे उभे आहेत: २०० रुपयांना १०० शेअर, २००.२० ला १५०, आणि २००.६० ला ४००. तुम्ही घाईत पाचशेची 'मार्केट' ऑर्डर टाकली. पहिले शंभर २०० ला मिळाले, पुढचे दीडशे २००.२० ला, आणि उरलेले अडीचशे २००.६० ला. सरासरी पडली २००.३६. स्क्रीनवर दिसलेल्या भावापेक्षा १८० रुपये जास्त गेले. हाच माल विकताना लाखावर एसटीटी लागतो पंचवीस रुपये, आणि आपण कुरकुरतो त्या पंचविसावर! इथे २००.२० ची 'लिमिट' ऑर्डर टाकली असती तर अडीचशेच मिळाले असते, बाकीचे रांगेत राहिले असते. रांगेत थांबायचं नसेल तर 'आयओसी' निवडा, न मिळालेला भाग लगेच रद्द होतो.

म्हणून बाजार निवडताना आधी डेप्थ बघा. बहुतेक मोठ्या शेअरांत एनएसईवर गर्दी जास्त असते. काही छोट्या कंपन्या मात्र फक्त बीएसईवरच आहेत. आणखी एक. बीएसईने ऑक्टोबर २०२३ पासून 'स्टॉप लॉस मार्केट' ऑर्डर बंद केली. तिथे ट्रिगरसोबत लिमिट भावही द्यावा लागतो. ट्रिगर १९५, लिमिट १९४.५०, आणि भाव एकदम १९३ वर कोसळला, तर तुमचा माल विकलाच जात नाही. तो स्टॉप लॉस लावला म्हणून निर्धास्त बसलेले कितीतरी लोक मी पाहिलेत.

वाट बंद पडली तर काय, हे २४ फेब्रुवारी २०२१ ला कळलं. सकाळी ११.४० ला एनएसईचे व्यवहार थांबले. टेलिकॉम लिंकमध्ये बिघाड झाला आणि जोखीम तपासणारी यंत्रणाच बंद पडली. बीएसई चालू होतं. इंट्राडे सौदे त्याच दिवशी मिटवायचे असतात, म्हणून काही ब्रोकरांनी ग्राहकांचे एनएसईवरचे सौदे बीएसईवर उलटे सौदे टाकून मिटवले. आणि बाजार संपता संपता घोषणा आली की एनएसई पावणेचारला उघडून पाचपर्यंत चालणार! उघडल्यावर भाव चढले. ज्यांची खरेदी आधीच मिटवली गेली होती ते नुसते बघत राहिले. आता १ एप्रिल २०२५ पासून दोन्ही एक्सचेंजनी संकटात एकमेकांची पर्यायी जागा व्हायचं, असा सेबीचा नियम आहे.

सेबीचाच जुलै २०२४ चा अभ्यास सांगतो की २०२२-२३ मध्ये शेअर बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर दहा जणांपैकी सात तोट्यात गेले. वर्षाला पाचशेपेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत तर ऐंशी टक्के. म्हणजे जितकी घाई जास्त, तितका तोट्यातला वाटा मोठा.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इंटरनेट बदलू नकोस, दुसऱ्या कंपनीचं एक सिम जवळ ठेव. ब्रोकरचा फोनवरून ऑर्डर घेणारा नंबर कागदावर लिहून ठेव, मोबाइलमध्ये नको. मोबाइल बंद पडला की तोही गेला. आणि ब्रोकर बदलायच्या आधी त्याला विचार: एनएसई दुपारी थांबलं तर माझ्या उघड्या सौद्याचं तुम्ही काय करता, आणि मला विचारून करता का?