चौघांची एक वेबसाइट

मुंबई विद्यापीठाच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या २०१९च्या सुधारित अभ्यासक्रमात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलीतल्या ‘सी स्कीम’मध्ये, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या चारही सत्रांत मिनी प्रोजेक्ट ठेवलेला आहे. गट तिघांचा किंवा चौघांचा करायचा. दोघांचा चालत नाही, पाचजणांचाही नाही. विषय गटाने शोधायचा, गाईडकडून मंजूर करून घ्यायचा, कामाचे वेळापत्रक गँट चार्टवर मांडायचे आणि दर आठवड्याला काय झाले ते लॉगबुकात लिहून गाईडना दाखवायचे. टर्मवर्कच्या २५ गुणांपैकी १० गुण गाईड या लॉगबुकावरून देतात, १० आढावा समिती देते आणि अहवालाच्या वाट्याला ५ उरतात. तोंडी परीक्षा वेगळी. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठानेही २०१९च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासूनच ‘प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग’ आणले. शेवटच्या वर्षाचा मोठा प्रोजेक्ट आणि त्याचे जाडजूड ‘ब्लॅक बुक’ तर त्याच्याही आधीपासून आहे.

विषयाला मोकळीक असली तरी बरेच गट वेबसाइटवरच येऊन थांबतात. कारण साधे आहे. सेन्सर, बोर्ड, मोटर असे काही विकत आणावे लागत नाही. एक बरा लॅपटॉप पुरतो. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतात आणि एक्सॅम्प हे फुकट पॅकेज टाकले की सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी एकदम हाती येते. ग्रंथालय, कँटीनची ऑर्डर, हजेरी, रक्तदात्यांची नोंद, दवाखान्याची अपॉइंटमेंट हे नेहमीचे विषय. ‘तेच ते’ म्हणून परीक्षक नाक मुरडतात, पण ग्रंथालयाची साइट आजवर हजार गटांनी केलेली असली तरी हे चौघे ती पहिल्यांदाच करत असतात. शिवाय पुस्तक देणे-घेणे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे गटाचा वेळ विषय समजून घेण्यात जात नाही, बांधणीत जातो.

काम वाटून घेताना जे घडते तेही ठरलेले. एकजण पडद्यावर दिसणारा भाग घेतो, दुसरी सर्व्हरवरचा कोड, तिसरा डेटाबेस. चौथ्याकडे ‘रिपोर्ट आणि पीपीटी’ येते. ही वाटणी सोयीची, पण शिकण्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. चौथ्याच्या हाती सत्राअखेरीस स्पायरल बाइंडिंग केलेली फाईल तेवढी राहते आणि उरलेल्या तिघांनाही एकमेकांच्या भागात काय आहे याचा पत्ता नसतो. गट वाढला की माणशी जोर कमी लागतो, हे फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान याने माणसांना दोर ओढायला लावून मोजले होते. त्याची निरीक्षणे १९१३मध्ये छापून आली. तिथे कोण किती ओढतो हे दिसत नव्हते. प्रोजेक्टमध्येही दिसत नसेल तर तेच होणार. म्हणून भागांऐवजी कामे वाटलेली बरी: एकीने ‘पुस्तक शोधा’ ही सोय पडद्यापासून डेटाबेसपर्यंत पुरी करायची, दुसऱ्याने ‘पुस्तक परत करा’ ही. वेग सुरुवातीला मंदावतो, पण प्रत्येकाला तिन्ही थर हाताळावे लागतात.

वेबसाइट बिघडते ती बहुधा सांध्यांवर. प्रत्येकाचा भाग त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालत असतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य लॅबमध्ये सबमिशनच्या आठवड्यात सतत ऐकू येते आणि ते खोटेही नसते. पुस्तक परत करायची तारीख घ्या. फॉर्म करणाऱ्याने ०३/०४/२०२५ असे लिहिले, त्याच्या मते ती ३ एप्रिल. जावास्क्रिप्टला तोच मजकूर दिला की ते अमेरिकी रिवाजाने ४ मार्च वाचते. बरे, दिवस, महिना, वर्ष सुटे सुटे करून दिले तर तिथे महिने शून्यापासून मोजले जातात: जानेवारी शून्य, आणि एप्रिल समजून ४ दिला तर निघतो मे. डेटाबेसला हवे असते आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तिघेही आपापल्या जागी बरोबर, आणि दंड मात्र भलत्याच विद्यार्थ्याला. यावर उपाय कोडमध्ये नंतर आणि कागदावर आधी असतो: कोणता भाग कोणत्या भागाला काय देणार, कोणत्या नावाने आणि कोणत्या रूपात, हे पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवायचे.

दुसरा सांधा आपल्या लिपीचा. साइटवर ‘मृत्युंजय’ हे पुस्तक टाकले आणि यादीत प्रश्नचिन्हांची रांग उमटली, हा अनुभव मराठी मजकूर वापरणाऱ्या गटांना नवा नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ घडण लॅटिन लिपी धरून झालेली होती. त्यातल्या अक्षरांचा क्रमही वर्षानुवर्षे ‘स्वीडिश’ ठेवलेला असे, कारण ते स्वीडनमध्ये तयार झाले. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. डेटाबेसमधला तक्ता, सर्व्हरशी जोडणी आणि वेबपान या तिन्ही ठिकाणी तीच पद्धत नसेल, तर मजकूर वाटेत कुठेतरी फुटतो. २०१८च्या ८.० आवृत्तीपासून मायएसक्यूएलने यूटीएफ-८ आपणहून धरले, तरी लॅबच्या संगणकांवर जुने काही ना काही सापडतेच. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीची; गटाचा मात्र एक अख्खा दिवस त्यात जातो आणि मग ती कुणी विसरत नाही.

कोड एकत्र करायचा कसा, हा याच्याच शेजारचा प्रश्न. पेनड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सॲपवरून झिप फाईल पाठवायची, तिला ‘फायनल’, मग ‘फायनल २’, मग ‘एकदम फायनल’ अशी नावे द्यायची, हा मार्ग अजून बंद पडलेला नाही. गिट हे कोडमधले बदल नोंदवून ते एकत्र करणारे साधन लिनस टोरव्हाल्ड्सने २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिले आणि २००८मध्ये गिटहब आल्यावर ते विद्यार्थ्यांपर्यंत पोचले. दोघांनी एकाच फाईलची एकच ओळ बदलली तर गिट स्वतः निवड करत नाही. फाईलमध्ये खुणा घालून दोन्ही रूपे एकाखाली एक मांडते आणि थांबते. नवखी मुले इथे घाबरतात आणि दुसऱ्याची ओळ सरळ पुसून मोकळी होतात. खरे तर ती जागा दोघांनी शेजारी बसून बोलण्याची. गिटचा आणखी एक उपयोग शिक्षकांनी अजून पुरेसा ओळखलेला दिसत नाही. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या ओळी बदलल्या याची नोंद त्यात आपोआप होत जाते. आदल्या रात्री एका बैठकीत भरलेले लॉगबुक आणि ही नोंद शेजारी ठेवली, तर दहापैकी किती गुण द्यायचे हे ठरवायला गाईडना फारसा वेळ लागू नये.

गट लहान का ठेवतात, याचे उत्तर फ्रेड ब्रूक्सने १९७५च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात दिले आहे. आयबीएममधल्या मोठ्या कामाच्या अनुभवावरून तो सांगतो की लांबलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढवली तर ते आणखी लांबते, कारण माणसांपेक्षा त्यांच्यातले दुवे वेगाने वाढतात. तिघांत ३ दुवे, चौघांत ६, सहाजणांत १५. ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ ही २०१७पासूनची राष्ट्रीय स्पर्धा सहाजणांच्या संघांची असते आणि संघात किमान एक मुलगी असावीच लागते. तिथे ३६ तासांत पंधरा दुवे सांभाळायचे, म्हणून आधी एकत्र काम केलेल्यांचे संघ तिथे सरस ठरावेत, यात नवल नाही.

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून लॉगिनचे पान किंवा यादीचा तक्ता मिनिटभरात लिहून मिळतो. एकट्याने करायच्या असाइनमेंटचा अर्थ त्यामुळे बराच उतरला. गटाच्या प्रोजेक्टचा तितका नाही. चौघांनी चार वेळा वेगवेगळे विचारून आणलेले चार तुकडे तारखेवर, लिपीवर आणि नावांवर तसेच अडतात, किंबहुना जास्तच, कारण आपल्या तुकड्यात काय आहे हे आणणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले अनुभवी परीक्षक, म्हणजे ‘एक्स्टर्नल’, म्हणूनच हल्ली डेमोवर फार वेळ घालवत नाहीत. एकाला उभे करून दुसरीने लिहिलेली फाईल उघडायला सांगतात आणि दंडाचा दर दोन रुपयांवरून तीन करून दाखव म्हणतात.