गोंगाटातले ऐकणे आणि यंत्राची निवड

घरात कुणी समोर बसून बोलले तर आपल्याला बहुतेक सारे समजते. मंगल कार्यालयातल्या पंगतीत मात्र शेजारच्या माणसाचे बोलणेही हाती लागत नाही. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही अशा वेळची तक्रार अगदी अचूक असते. घरच्यांनी तिला दुर्लक्ष किंवा हट्ट समजू नये.

वाढत्या वयात बहुधा वरच्या पट्टीतले सूक्ष्म आवाज ऐकण्याची क्षमता आधी घटते. स्वर ठसठशीत असल्याने कानी पडत राहतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात. ‘सात’, ‘साथ’ आणि ‘साफ’ यांतला भेद तेवढ्यावरच उभा असतो. वाद्ये, भांडी आणि माणसे यांचा कोलाहल नेमके हेच नाजूक ध्वनी झाकून टाकतो. म्हणून नुसता आवाज मोठा करणारे स्वस्त उपकरण इथे कामाचे नाही. ते बोलण्याबरोबर गोंगाटही वाढवते आणि शेवटी खिशात जाऊन बसते.

यंत्र घेण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत. कधी साचलेला मळ हेच कारण निघते. एका कानाचे ऐकू येणे अचानक बंद झाले, तर मात्र यंत्राचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्यानंतर श्रवणतज्ज्ञ शांत खोलीत निरनिराळे सूर ऐकवून ऑडिओग्राम काढतात. तो आवश्यकच आहे. परंतु ऑडिओग्राम सारखा असलेल्या दोन व्यक्तींना गर्दीत सारखेच समजेल असे नाही. तेव्हा गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणीही आपण आवर्जून मागावी.

निवडीच्या वेळी बहुतेकांचे लक्ष आकाराकडे जाते. कुणाला दिसू नये म्हणून कानाच्या नळीत खोल बसणारे यंत्र पसंत केले जाते. त्या इवल्याशा जागेत बहुधा एकच मायक्रोफोन मावतो. कानामागे बसणाऱ्या यंत्रात दोन असू शकतात, आणि त्यांच्या साहाय्याने ते समोरचे बोलणे उचलून मागचा कल्लोळ काहीसा दाबते. गर्दीतले ऐकणे हीच आपली अडचण असेल, तर दिसण्याचा संकोच सोडलेला बरा. दोन्ही कानांची श्रवणशक्ती घटली असेल, तर शक्यतो दोन यंत्रे घ्यावीत. आवाजाची दिशा कळण्यास दोन्ही कान लागतात. ‘इतके चॅनेल, तितके चॅनेल’ या विक्रेत्याच्या गणिताने मात्र फारसे भारावून जाऊ नये.

उत्तम यंत्रालाही अंतर जिंकता येत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आपल्याकडे क्वचितच सुचवला जातो: बोलणाऱ्याच्या कॉलरला किंवा पदराला लावायचा छोटा बिनतारी मायक्रोफोन. त्याच्यामुळे सूनबाईंचा आवाज गोंगाट ओलांडून थेट आपल्या यंत्रात पोचतो. आपल्या यंत्राशी असा मायक्रोफोन जोडता येतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. यंत्रात टेलिकॉइल आहे का, हेही पाहावे. ब्रिटनमध्ये मुलांकडे जाणाऱ्यांना तेथील अनेक नाट्यगृहांत त्याचा उपयोग होतो.

दुकानाच्या शांततेत प्रत्येक यंत्र गुणी वाटते. म्हणून काही दिवस वापरून पाहण्याची सवलत मागावी आणि ते मंडईत, बसथांब्यावर, देवळात नेऊन पाहावे. मात्र पहिल्याच दिवशी लग्नघरी नेऊ नये. नव्या आवाजांची सवय व्हायला मेंदूला काही आठवडे लागतात. आधी घरात, मग चार माणसांत, अशी पायरी असावी. कुठे अडले हे सोबतच्या व्यक्तीने टिपून ठेवल्यास श्रवणतज्ज्ञांना यंत्र नेमके जुळवता येते.

खर्चाची चिंता असल्यास मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत चौकशी करता येईल. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र विनामूल्य मिळू शकते.