व्हेपची किंमत कुठे ठरते?

15 नोव्हेंबर 2024 रोजी चीनच्या अर्थ मंत्रालयाने आणि करखात्याने एक परिपत्रक काढलं. अॅल्युमिनियम आणि तांब्याच्या अनेक वस्तूंवर मिळणारा निर्यात परतावा 1 डिसेंबरपासून बंद होणार होता. बॅटऱ्या, सौर पॅनेल आणि काही शुद्ध इंधनांचा परतावा 13 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर येणार होता. त्याच दिवशी लंडनच्या धातुबाजारात अॅल्युमिनियमचा भाव पाच टक्क्यांहून अधिक उसळला. कुठलीही खाण बंद पडली नव्हती, कुठलं जहाज बुडालं नव्हतं. एका सरकारने निर्यातदाराला परत द्यायचे पैसे देणं थांबवलं, एवढंच घडलं होतं. जानेवारी 2026 मध्ये पुढचं पाऊल पडलं. सौर पॅनेलचा परतावा 1 एप्रिल 2026 पासून पूर्ण बंद, बॅटऱ्यांचा आधी 6 टक्के आणि 1 जानेवारी 2027 पासून शून्य, असं वेळापत्रक जाहीर झालं.

हा निर्यात परतावा नेमका काय असतो, हे कळल्याशिवाय मुंबईत किंवा मँचेस्टरमध्ये विकल्या जाणाऱ्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, किंमत समजत नाही. चीनमध्ये बहुतेक कारखानी मालावर 13 टक्के मूल्यवर्धित कर आहे. व्हेप बनवणारा कारखानदार बॅटरी, तार, प्लास्टिक, कापूस विकत घेतो तेव्हा हा कर भरतो. माल देशाबाहेर गेला की हा भरलेला कर त्याला परत मिळतो, कारण तो कर चिनी ग्राहकासाठी आहे, परदेशी ग्राहकासाठी नाही. आपल्याकडेही निर्यातीवर जीएसटी शून्य दराने लागतो आणि परतावा मिळतो. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार अशा परताव्याला अनुदान मानत नाहीत, मात्र तो प्रत्यक्ष भरलेल्या करापेक्षा जास्त नसावा.

परतावा पूर्ण काढून घेतला आणि निर्यातीवर देशातल्या विक्रीसारखाच कर लावला, की कारखानदाराला पूर्वीइतकेच पैसे हातात पडावेत म्हणून 100 रुपयांचा माल 113 रुपयांना विकावा लागतो. परतावा 13 वरून 9 वर आला, तर साधारण चार टक्के खर्चात जमा होतात. म्हणजे नावाला निर्यातकर नसला तरी परिणाम निर्यातकराचाच.

हा बोजा कोण उचलतो? महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. परदेशातल्या खरेदीदाराकडे पाकिस्तानचा, इजिप्तचा, चीनचा कांदा होता. तो वाढीव भाव द्यायला बांधील नव्हता, म्हणून शुल्काचं ओझं लासलगावच्या शेतकऱ्याच्या अंगावर आलं. सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क 20 टक्क्यांवर आलं आणि 1 एप्रिल 2025 रोजी गेलं, पण त्या दीड वर्षातलं नुकसान भरून आलं नाही.

व्हेपच्या बाबतीत चित्र उलटं आहे. जगातल्या सुमारे नव्वद टक्के ई-सिगारेटी चीनच्या शेन्झेन शहरात आणि त्याच्या आसपास बनतात, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तिथल्या बाओआन जिल्ह्यात साचे बनवणारे, बॅटरी जोडणारे, चवीचं द्रव मिसळणारे आणि खोकी छापणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. 2023 मध्ये चीनची ई-सिगारेटची निर्यात सुमारे 11 अब्ज डॉलरची होती. एकाच कारखान्याचा खर्च वाढला तर तो गप्प बसून सोसतो, नाहीतर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं. सगळ्यांचा खर्च एकाच दिवशी वाढला तर गिऱ्हाइकाला जायला दुसरी जागा उरत नाही. काही कंपन्यांनी इंडोनेशिया आणि मलेशियात कारखाने काढले आहेत खरे, पण सुट्या भागांसाठी त्यांची नजर अजून शेन्झेनकडेच असते. म्हणून चीनने ई-सिगारेटसारख्या वस्तूचा परतावा काढला की वाढीचा मोठा भाग परदेशी खरेदीदारावरच जातो.

चीनची स्वतःची भूमिका इथे नीट पाहायला हवी. आजच्या ई-सिगारेटचा जनक मानला जाणारा होन लिक हा चिनी औषधतज्ज्ञ. त्याने 2003 मध्ये ही कल्पना प्रत्यक्षात आणली. पुढची बरीच वर्षं चिनी सरकारने या धंद्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये ई-सिगारेट तंबाखूच्या सरकारी मक्तेदारीखाली आली. 1 ऑक्टोबर 2022 पासून चीनमध्ये तंबाखूव्यतिरिक्त कुठल्याही चवीची ई-सिगारेट विकायला बंदी झाली. 1 नोव्हेंबर 2022 पासून उत्पादकावर 36 टक्के आणि घाऊक व्यापाऱ्यावर 11 टक्के उपभोग कर लागला. निर्यातीला मात्र हा करही नाही आणि चवीचं बंधनही नाही. आंबा, कलिंगड, बबलगम, जे हवं ते बाहेरच्या देशाच्या नियमानुसार पाठवावं.

कायद्याच्या दृष्टीने यात काही गैर नाही, कर ज्या देशात माल वापरला जातो तिथेच लागावा हे तत्त्व सगळं जग पाळतं. तरीही मला हे खटकतं. आपल्या मुलांना कलिंगडाच्या चवीचं निकोटिन मिळू नये म्हणून कायदा करायचा आणि तीच खोकी दुसऱ्यांच्या मुलांकडे करमुक्त पाठवायची, याला व्यापार म्हणता येईल, जबाबदारी म्हणता येणार नाही.

माल दुसऱ्या देशाच्या बंदरात उतरल्यावर, परतावा गेल्याने शंभरावर वाढलेल्या त्या 13 रुपयांचं काय होतं, हे तिथल्या कराच्या जातीवर ठरतं. अमेरिकेत चिनी ई-सिगारेटींवर पहिल्या ट्रम्प सरकारच्या काळापासून 25 टक्के जादा आयातशुल्क आहे, आणि 2025 मध्ये त्यावर आणखी शुल्कं चढत-उतरत राहिली. तिथे शुल्क मालाच्या किमतीच्या टक्केवारीत लागतं. त्यामुळे 13 रुपयांची वाढ बंदर ओलांडताच 16 रुपये 25 पैसे होते. मिनेसोटा राज्यात घाऊक किमतीवर 95 टक्के कर आहे. आयातदाराने 20 टक्के आणि दुकानदाराने 30 टक्के नफा घेतला असं धरलं, तर तीच वाढ गिऱ्हाइकापर्यंत पोचेतो जवळपास 49 रुपये होते. टक्केवारीवर टक्केवारी बसत गेली की हे असं होतं.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. मार्च 2024 मध्ये निकोटिनच्या प्रमाणानुसार तीन दर सुचवले गेले होते, पण ते मागे पडले. 1 ऑक्टोबर 2026 या अंमलाच्या तारखेसह दर 10 मिलिलिटर द्रवाला सरसकट 2.20 पौंड शुल्क ठरलं, त्यावर 20 टक्के व्हॅट. म्हणजे एका बाटलीमागे 2.64 पौंड. त्याआधी, 1 जून 2025 पासून, एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर तिथे बंदी आली. आता समजा चीनमधून येणाऱ्या एका बाटलीचा कारखान्यातला भाव 50 पेन्स आहे. परतावा गेल्याने तो साडेसहा पेन्सने वाढला. मधल्या सगळ्यांनी नफा जोडून ही वाढ दुप्पट केली आणि वर व्हॅट धरला, तरी दुकानात फरक 16 पेन्सच्या आत राहतो. लंडनने लावलेल्या 2.64 पौंडांसमोर बीजिंगचा निर्णय फार लहान ठरतो. शिवाय तिथे विकलं जाणारं बरंचसं द्रव ब्रिटनमध्येच बनतं. चीनच्या परताव्याचा फटका मुख्यतः उपकरणाला बसतो, ब्रिटिश शुल्काचा द्रवाला.

कराचा आकडा वाढला की लबाडीचं बक्षीसही वाढतं. शिकागोमध्ये ऑक्टोबर 2024 च्या घोषणेनुसार सुमारे 30 लाख बेकायदा ई-सिगारेटी पकडल्या गेल्या, अंदाजे किंमत 7.6 कोटी डॉलर. सप्टेंबर 2025 मध्ये तिथेच 47 लाख नग, 8.65 कोटी डॉलरचे. खोक्यांवर भलत्याच वस्तूचं नाव आणि कमी दाखवलेली किंमत, हा नेहमीचा प्रकार. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिलेली उत्पादनं मोजकीच आहेत, पण दुकानांत बिनपरवाना चिनी माल उघडपणे मिळतो. जो माल स्वतःची किंमत खोटी सांगतो, त्याच्यावर टक्केवारीचा कर चालत नाही.

भारतात तर कर नाहीच. 18 सप्टेंबर 2019 च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आली. साठ्याचा गुन्हा वगळता, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. तरीही माल येतो. सप्टेंबर 2022 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंद्रा बंदरात दुसऱ्याच मालाच्या नावाखाली आलेल्या सुमारे दोन लाख ई-सिगारेटी पकडल्या आणि त्यांची किंमत सुमारे 48 कोटी रुपये लावली. एका नगाला जवळजवळ 2,400 रुपये पडले.

हा हिशेब मांडून पाहावा. कारखान्यातून निघताना नगाचा भाव 250 रुपये धरला, तर चीनने अख्खा परतावा काढल्याने वाढतात साधारण 33 रुपये. 2,400 च्या मालात तस्कर ते सहज पोटात घालतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दुकानातल्या किमतीचा काही वाटा तरी सरकारी तिजोरीत जातो. आपल्याकडे 2,000 रुपयांहून अधिकचा तो फरक पुरता चोरट्या साखळीच्या हातात राहतो. त्यातून पुढच्या खेपेचं भांडवल उभं राहतं.

म्हणून बंदी उठवून कर लावा, असं मी म्हणणार नाही. धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढाला ई-सिगारेट सिगारेटपेक्षा कमी घातक ठरते, असं ब्रिटिश आरोग्ययंत्रणा मानते, आणि ते मत बाजूला सारण्याजोगं नाही. पण आपल्याकडे पकडला जाणारा चवदार, रंगीत माल पन्नाशीतल्या विडी ओढणाऱ्यासाठी आलेला नसतो. तो शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी येतो. दुरून येणारी कुठलीही करवाढ या मुलांना वाचवणार नाही, हे वरच्या हिशेबातून दिसतं. इथे मालाची किंमत ठरते ती पकडलं जाण्याच्या भीतीवर, आणि ती भीती आज फार स्वस्त आहे. बंदरात माल पकडला की बातमी येते. पुढे किती जणांना शिक्षा झाली, हे क्वचितच कळतं. प्रत्येक जप्तीच्या खटल्याचा निकाल सरकारने दरवर्षी जाहीर करावा, एवढी मागणी तरी आपण लावून धरायला हवी.

आणि एक काम वाचकाच्या हातातलं आहे. या कायद्याचा भंग कळवण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2023 मध्ये ऑनलाइन सोय सुरू केली आहे. कॉलेजजवळच्या टपरीवर किंवा मोबाइलवरच्या एखाद्या खात्यावर व्हेप विकली जाताना दिसली, तर तिथे तक्रार नोंदवा.