नवी प्रणाली आणि जुनी घडी

शाखेत असो वा घरी, संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसविली की पहिले काही दिवस एकच उद्गार ऐकू येतो : "जुनेच बरे होते!" काल सुरळीत चालणारा प्रिंटर आज ओळख देत नाही, सवयीचे बटण जागेवर सापडत नाही आणि जुन्या मराठी पत्रांच्या जागी अनाकलनीय चिन्हे उमटतात. ही चिडचीड केवळ बदलाच्या नावडीतून येते, असे समजणे योग्य नाही. तिच्यामागे ठोस तांत्रिक कारणे आहेत आणि ती उमगली तर त्रास बराच कमी करता येतो.

अडते कोठे?

ऑपरेटिंग सिस्टिम ही संगणकाचे यंत्रभाग आणि आपली सॉफ्टवेअर यांच्यामधील दुभाषी होय. प्रिंटर, स्कॅनर, पासबुक छापणारे यंत्र यांच्याशी ती 'ड्रायव्हर' नावाच्या छोट्या प्रोग्रॅममार्फत संवाद साधते. प्रणाली बदलली की ड्रायव्हरही तिला साजेसा लागतो. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली, तेव्हा अनेक उपकरणांचे नवे ड्रायव्हर तयारच नव्हते. यंत्र धडधाकट, पण निरुपयोगी! परिणामी अनेक कार्यालयांनी २००१ च्या विंडोज एक्सपीवरच राहणे पसंत केले.

दुसरी अडचण जुन्या सॉफ्टवेअरची. डॉसच्या काळातील १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत आणि २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटचीच आहे. शिवाय तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असल्याने उत्तम चालणारे कित्येक संगणकही अपात्र ठरले.

तिसरी अडचण मराठी मजकुराची. युनिकोडपूर्व अनेक फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या आकृती इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेल्या असत. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला की मूळ संकेतांक उघडे पडतात. मात्र मजकूर नष्ट झालेला नसतो. तोच फॉन्ट बसविल्यास किंवा योग्य परिवर्तकाने युनिकोडमध्ये रूपांतर केल्यास तो पुन्हा वाचता येतो. म्हणून अशी फाइल घाईने पुसून टाकू नये.

मग बदल कशासाठी?

कोणत्याही प्रणालीत कालांतराने सुरक्षेच्या त्रुटी आढळतात आणि निर्माता त्यांवर दुरुस्त्या पुरवतो. हे नियमित पाठबळ एक्सपीसाठी ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ साठी १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० साठी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. दुरुस्ती न बसविण्याची किंमत मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने दाखवून दिली. या खंडणीखोर विषाणूने अनेक देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. पाठबळ चालू असलेल्या प्रणालींसाठी त्या त्रुटीवरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती, हे विशेष.

जून २०१८ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने एक्सपी व पाठबळ संपलेल्या अन्य प्रणालींवरील एटीएम यंत्रे जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने अद्ययावत करण्याचे निर्देश बँकांना दिले, ते याच कारणासाठी. एटीएमप्रमाणेच ग्राहकाच्या घरातील संगणकावरही त्याच्या ठेवीची सुरक्षितता अवलंबून असते.

पूर्वतयारी

• महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते याची खात्री करावी.

• उपकरणे, सॉफ्टवेअर, जुने फॉन्ट व डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांची यादी करून ती नव्या प्रणालीवर चालतील का, हे आधी तपासावे.

• कार्यालयात प्रथम एकाच संगणकावर बदल करून पाहावा. मार्चअखेरीसारखे धावपळीचे दिवस टाळावेत.

• "तुमची प्रणाली कालबाह्य झाली आहे" असा अनोळखी फोन आल्यास संगणकाचा ताबा देणारे कोणतेही ॲप उतरवू नये. पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही सांगू नये.

एवढी काळजी घेऊनही सुरुवातीला काम मंदावेल. शाखाप्रमुखांनी या दिवसांसाठी सहकाऱ्यांना सरावाचा अवधी द्यावा आणि ग्राहकांनी खिडकीवर थोडा धीर धरावा. नव्या प्रणालीचा हात बसायला काही दिवस लागतात. दुरुस्त्या बंद झालेल्या प्रणालीचा धोका मात्र दिवसागणिक वाढतच जातो.